अविश्वास : एका ‘अ’ची चौकशी

आजोबा वारले त्याला वर्ष होत आले होते. आत्याला सासरहून बोलावून घेतले आणि सगळे मिळून तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. पिशवी धरायला म्हणून मला बरोबर घेतले होते. दस्तलेखकाने कागद उलटत उलटत बोट ठेवून जागा दाखवल्या आणि आत्याने प्रत्येक पानावर सही केली. ती सातवी पास होती आणि रोजचे वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत असे. पण त्या दिवशी तिने एक ओळही वाचली नाही. नंतर चहा झाला, भजी झाली आणि घरी आल्यावर तिला साडी-चोळी देण्यात आली. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. त्या जमिनीच्या उत्पन्नावर माझे शिक्षण झाले, हेही इथेच सांगून टाकतो. कारण या लेखात मी अगदीच त्रयस्थ नाही.

पुढे कधीतरी मी तिला विचारले, “आत्या, तू तो कागद वाचला का नाहीस?”

ती म्हणाली, “दादासमोर बसून कागद वाचायचा? म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखंच झालं असतं की रे.”

“म्हणजे तुझा विश्वास होता?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तसंही नाही सांगता येणार. विचारच केला नव्हता.”

हे उत्तर मनात राहिले. जिने विश्वास ठेवण्याचा विचारच केलेला नव्हता, तिलाही अविश्वास दाखवण्याची भीती वाटत होती. ‘अविश्वास’ म्हणजे विश्वास नसणे एवढेच असेल, तर तिच्यापाशी अविश्वास होता असे म्हणावे लागेल. पण ती तो शब्द फार वेगळ्या अर्थाने वापरत होती आणि तिचा वापर चुकीचा नव्हता. मराठी बोलणारा कोणीही तो तसाच वापरतो. मग हा ‘अ’ नेमके काय करतो? प्रश्न व्याकरणाचा आहे, पण त्याच्या उत्तरावर कागद वाचला जातो की नाही हे ठरत असते. म्हणून ही चौकशी.

श्वासाशी नाते

‘विश्वास’ या शब्दाचा ‘विश्व’ या शब्दाशी काही संबंध नाही, जरी भाषणांतून तो पुष्कळदा जोडला जातो. ‘विश्वास’ आला आहे ‘श्वस्’ या धातूपासून. श्वास, निःश्वास, उच्छ्वास, आश्वासन ही सगळी त्याच घरातली मंडळी. ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘विश्वस्’ झाला, तेव्हा त्याचा अर्थ झाला मोकळा श्वास घेणे, निर्धास्त असणे. ज्याच्या सहवासात छाती आवळत नाही, त्याच्यावर आपला विश्वास असतो. संस्कृतात विश्वासासाठी ‘विश्रंभ’ असाही एक शब्द आहे. त्याच्या मुळाशी सैल होणे, ढिले पडणे ही कल्पना आहे. दोन्ही शब्दांत विश्वास आधी शरीरात घडतो, मनाचा निर्णय नंतर येतो.

याच्या शेजारी फारसी-अरबीच्या वाटेने आलेली ‘खातरजमा’ ठेवून पाहावी. ‘खातर’ म्हणजे मन आणि ‘जमा’ म्हणजे गोळा झालेले. विखुरलेले मन एका जागी आले की खातरजमा झाली. आपली ‘खात्री’ त्याच ‘खातर’मधली. म्हणजे आपल्या भाषेत एका शब्दात श्वास सैल होतो, तर दुसऱ्यात मन गोळा होते. दोन्हींचा परिणाम स्वस्थतेचाच, पण वाटा उलट. खात्री करून घ्यावी लागते. त्यासाठी पाहावे, विचारावे, मोजावे लागते. विश्वास मात्र न पाहता, न विचारता ठेवायचा असतो, निदान तशी आपली समजूत असते. ‘बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर’ ही म्हण खात्रीच्या प्रदेशातली आहे. विश्वासाच्या प्रदेशात ती उच्चारली की भांडण होते.

व्युत्पत्तीने अर्थ ठरत नाही, हे खरे. पण ‘अविश्वास’ हा शब्द ऐकताना अंगावर जो ताण येतो, त्याचा पत्ता व्युत्पत्तीत सापडतो. मोकळ्या श्वासाच्या उलट असते ती आवळलेली छाती. ती काही रिकामी जागा नव्हे.

‘नाही’ आणि ‘अ’

नकाराचा विचार संस्कृत वैयाकरणांनी आणि मीमांसकांनी फार बारकाईने केला आहे. त्यांनी नकाराचे दोन प्रकार मानले. नकार क्रियापदाशी जोडला तर तो ‘प्रसज्यप्रतिषेध’. नामाशी जोडला तर तो ‘पर्युदास’. पहिल्यात एखादी गोष्ट नाही एवढेच सांगितले जाते. दुसऱ्यात ती गोष्ट सोडून दुसऱ्या कशाकडे तरी बोट दाखवले जाते. ‘माझा त्याच्यावर विश्वास नाही’ हे पहिल्या प्रकारचे वाक्य. ‘मला त्याच्याविषयी अविश्वास वाटतो’ हे दुसऱ्या प्रकारचे. ऐकायला दोन्ही सारखी वाटतात. पण पहिल्या वाक्यापुढे ‘अजून’ हा शब्द सहज बसतो : ‘माझा त्याच्यावर अजून विश्वास नाही.’ दुसऱ्यात ‘अजून’ घातला तर अर्थच पालटतो. ‘मला त्याच्याविषयी अजून अविश्वास वाटतो’ म्हणजे काहीतरी घडून गेले आहे आणि त्याचा व्रण बुजलेला नाही. एकाच ‘अजून’ने पहिले वाक्य पुढे पाहू लागते, दुसरे मागे.

नामाआधी येणाऱ्या या ‘अ’चे, म्हणजे ‘नञ्’चे, परंपरेने सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अपाप’ म्हणजे ज्यात पाप नाही असा, इथे अभाव. ‘अनश्व’ म्हणजे घोड्याहून दुसरे काहीतरी, इथे अन्यत्व. ‘अनुदरा’ म्हणजे पोट नसलेली मुलगी नव्हे, बारीक पोटाची मुलगी, इथे अल्पता. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा अभाव नव्हे, धर्माच्या उलट आचरण, इथे विरोध. रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूस आपला मित्र नसतो, पण म्हणून संस्कृतात त्याला कोणी ‘अमित्र’ म्हणणार नाही. कारण अमित्र म्हणजे शत्रू.

मराठीतही हे सगळे ‘अ’ एका रांगेत उभे असतात आणि आपण बोलताना त्यांच्यात गफलत करीत नाही. ‘अशिक्षित’ म्हणजे ज्याला शिक्षण मिळाले नाही तो. तिथे फक्त उणीव आहे. ‘अन्याय’ मात्र न्यायाची उणीव नव्हे. अन्याय करावा लागतो. तो होतो, सोसावा लागतो आणि त्याविरुद्ध दादही मागता येते. आता ‘अविश्वास’ कोणाच्या शेजारी बसतो ते पाहावे. अविश्वास दाखवता येतो, व्यक्त करता येतो, निर्माण होतो, वाढतो. नसलेली वस्तू दाखवता येत नाही. म्हणजे वापरात तरी ‘अविश्वास’ हा ‘अशिक्षित’च्या रांगेतला नाही, ‘अन्याय’च्या रांगेतला आहे. आत्या म्हणत होती ते हेच. तिच्या मनात उणीव होती ती विचाराची. तिला भीती होती ती कृतीची.

अल्पतेचा अर्थ मात्र ‘अविश्वास’ या शब्दाला पेलला नाही. त्यासाठी मराठी ख्रिस्ती लेखनात ‘अल्पविश्वासी’ असा स्वतंत्र शब्द रुळला. मराठी बायबलमुळे तो घराघरांत पोचला. त्या परंपरेत ‘विश्वास’ म्हणजे देवावरची श्रद्धा, म्हणून ‘अविश्वासी’ म्हणजे देवाला न मानणारा आणि ‘अल्पविश्वासी’ म्हणजे मानणारा, पण संकटात डगमगणारा. गीतेच्या चौथ्या अध्यायाच्या चाळिसाव्या श्लोकातही अशीच वर्गवारी दिसते. तिथे अज्ञ, श्रद्धा नसलेला आणि संशयात्मा असे तिघे वेगवेगळे मोजले आहेत. श्रद्धा नसणे वेगळे आणि संशय असणे वेगळे, हे त्या गणनेत गृहीतच आहे. रोजच्या बोलण्यात आपण मात्र या तिघांना एकाच पोत्यात भरतो.

बसणारा आणि उडणारा

शब्दाची खरी ओळख त्याच्या सोबतच्या क्रियापदांवरून पटते. मराठीत विश्वास ‘बसतो’ आणि ‘उडतो’. हे दोन्ही शब्द पाखराचे आहेत. पाखरू बोलावून बसत नाही. आपण हालचाल न करता थांबलो तर बसते आणि एक टाळी वाजली तरी उडते. याशिवाय विश्वास ठेवता येतो, टाकता येतो, संपादन करता येतो, गमावता येतो. कोणाला तरी विश्वासात घेता येते. विश्वासाचा घात होतो. विश्वास ढळतो, डळमळतो. एवढ्या क्रियापदांचा गोतावळा फार थोड्या भाववाचक नामांना लाभला असेल.

अविश्वास यांतले काहीच करत नाही. तो बसत नाही, उडत नाही, कोणी संपादनही करत नाही. त्याचे वातावरण असते, त्याची दरी असते, त्याचे धुके असते. विश्वास दोन माणसांत असतो. अविश्वास पसरतो. एकदा तो हवेत आला की कोणाचा कोणावर, हे सांगण्याचीही गरज उरत नाही. म्हणून ‘कुटुंबात अविश्वासाचे वातावरण होते’ हे वाक्य कर्त्याशिवाय पूर्ण होते.

शेजारच्या शब्दांचे स्वभाव वेगळे आहेत. ‘भरवसा’ हा माणसांइतकाच वस्तूंचा आणि निसर्गाचा. पावसाचा भरवसा नाही, एसटीचा भरवसा नाही, आयुष्याचा भरवसा नाही. पाऊस बेभरवशाचा असतो, तो अविश्वासू नसतो, कारण पावसाने आपल्याला शब्द दिलेला नसतो. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ या म्हणीत म्हशीने कोणाची फसवणूक केलेली नाही. अंदाज आपलाच चुकला आहे. ‘इतबार’ जुन्या व्यवहारातला शब्द. त्याचा नातेवाईक ‘पत’ अजून पतपेढीच्या पाटीवर आहे. पतीचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. विश्वासाचा मांडता येत नाही.

यावरून ‘अविश्वास’ची एक अट हाती लागते. जिथे विश्वासाची अपेक्षा आहे, तिथेच अविश्वास असू शकतो. अनोळखी माणसावर आपला विश्वास नसतो, पण त्याच्यावर आपण अविश्वास दाखवतो असे सहसा कोणी म्हणत नाही. अविश्वास दाखवायचा तो भावावर, सुनेवर, भागीदारावर, जुन्या गड्यावर. म्हणजे हा शब्द नात्यातला आहे. दूरच्या माणसाला तो लागतच नाही. म्हणूनच तो जवळच्या माणसाला इतका लागतो.

त्यामुळे घरगुती मराठीत त्याचा एक मजेशीर वापर रूढ झाला आहे. कान देऊन ऐकले तर लक्षात येते की घरात ‘अविश्वास’ हा शब्द बहुतेक वेळा त्याला नाकारण्यासाठीच उच्चारला जातो. ‘अविश्वास म्हणून नाही हो, पण दोन ओळी लिहून दिल्यात तर बरं.’ ‘तुमच्यावर अविश्वास आहे असं नाही, पण आमच्या यांना दाखवून मग सांगते.’ शब्द ओठांवर येतो तो क्षमा मागत. ज्याला तो सरळ म्हणायचा नसतो, तो विनोदाची वाट धरतो : ‘विश्वास? तो तर पानिपतात गेला!’ नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. त्यांच्या नावावरची ही कोटी मराठी माणूस अजून करतो आणि तीतून एक कठीण गोष्ट हसत सांगून मोकळा होतो. दुकानदारही ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावतो. त्यात गिऱ्हाइकावर अविश्वास आहे, पण तो कोणा एकावर नाही, म्हणून कोणाला राग येत नाही.

पूजनीचा प्रश्न

मग जवळच्या माणसावर अविश्वास कसा सांगावा? की सांगूच नये? महाभारताच्या शांतिपर्वात, आपद्धर्माच्या भागात, युधिष्ठिर भीष्मांना हाच प्रश्न वेगळ्या बाजूने विचारतो. कोणावर विश्वास ठेवू नये असे तुम्ही सांगता, पण कोणावरच विश्वास न ठेवणारा राजा राज्य कसे करील? भीष्म उत्तरादाखल एक गोष्ट सांगतात.

कांपिल्य नगरीत ब्रह्मदत्त राजाच्या अंतःपुरात पूजनी नावाची एक पक्षीण राहत होती. तिला पिल्लू झाले त्याच सुमारास राणीला मुलगा झाला. पूजनी रोज समुद्रकाठी जाऊन दोन फळे आणी, एक आपल्या पिल्लासाठी आणि एक राजपुत्रासाठी. एक दिवस ती परत आली तेव्हा खेळता खेळता राजपुत्राने पिल्लाला मारून टाकले होते. पूजनीने नखांनी राजपुत्राचे डोळे फोडले आणि ती निघाली. राजा तिला थांबवू पाहतो. तो म्हणतो, आम्ही अपराध केला, तू त्याची परतफेड केलीस, आता फिटंफाट झाली, तू राहा. पूजनी राहायला तयार होत नाही. तिचे म्हणणे असे की हिशेब मिटला म्हणून विश्वास परत येत नाही. लाकडात अग्नी लपून राहावा तसे वैर राहते. राजा म्हणतो, जे होते ते काळ करतो, त्यात तुझा दोष नाही आणि आमचाही नाही. त्यावर ती विचारते, सगळे काळच करतो, तर वैद्य रोग्याला औषध कशाला देतात? बराच वेळ हा वाद चालतो आणि शेवटी पूजनी उडून जाते.

मराठीतले ‘विश्वास उडाला’ वाचताना मला नेहमी ही पक्षीण आठवते. या संवादात राजा आणि पूजनी एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन भांडत आहेत. राजाच्या लेखी अविश्वास म्हणजे उणीव. विश्वास कमी झाला, भरपाई झाली की भरून निघेल. पूजनीच्या लेखी ती उणीव नाही. ती एक नवी वस्तू आहे, जी पूर्वी नव्हती आणि आता आहे. वैयाकरणांच्या भाषेत सांगायचे तर राजा अभाव धरून बोलतो आणि पूजनी विरोध धरून.

आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पूजनीपाशी अविश्वास सांगण्याचे दोनच मार्ग होते, नखे आणि पंख. इजा करणे किंवा सोडून जाणे. तिथेच राहून, समोर बसून, ‘माझा आता तुझ्यावर विश्वास नाही, तेव्हा आपले कसे चालायचे ते ठरवू’ असे म्हणण्याची सोय त्या अंतःपुरात नव्हती. ती सोय माणसाने फार उशिरा केली आणि घरात करण्याआधी सभागृहात केली.

सभागृहातला अविश्वास

राज्यघटनेच्या ७५व्या अनुच्छेदानुसार केंद्रीय मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. ही जबाबदारी तपासण्याची एक रीत म्हणजे अविश्वासाचा ठराव. लोकसभेच्या कामकाजाच्या १९८व्या नियमात त्याची कार्यपद्धती आहे. किमान ५० सदस्यांचा पाठिंबा असेल तर तो चर्चेला घेतला जातो. एक बारकावा असा की निंदाव्यंजक ठरावात सरकारच्या कोणत्या कृत्याची निंदा करायची ते सांगावे लागते. अविश्वासाच्या ठरावाला मात्र कारण देण्याची गरज नसते. निंदा कृत्याची होते, अविश्वास माणसांवर असतो. संसदेच्या नियमांनी भाषेचा हा भेद नेमका हेरला आहे.

पहिला अविश्वास ठराव आचार्य कृपलानी यांनी ऑगस्ट १९६३मध्ये पंडित नेहरूंच्या सरकारविरुद्ध मांडला. चीनच्या युद्धातला पराभव ताजा होता. ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरोधात ३४७ मते पडली. आकड्यांचा निकाल आधीच ठरलेला होता. तरीही चार दिवस चर्चा झाली. स्वातंत्र्यलढ्यातल्या जुन्या सहकाऱ्याने समोर उभे राहून पंतप्रधानांना ‘आमचा तुमच्यावर विश्वास नाही’ असे म्हटले आणि पंतप्रधानांनी ते बसून ऐकले व उत्तर दिले. नखे नाहीत, पंख नाहीत. पूजनीला हे दालन मिळाले नव्हते.

१९७९च्या जुलै महिन्यात यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंच्या सरकारविरुद्ध असाच ठराव मांडला. मतदान होण्यापूर्वीच मोरारजींनी राजीनामा दिला. आणि इथे एक विलक्षण गोष्ट दिसते. लोकसभेत आजवर अनेक अविश्वास ठराव आले, पण त्यांच्यावरच्या मतदानात एकही सरकार पडलेले नाही. मतदानात सरकारे पडली ती विश्वासदर्शक ठरावांवर. नोव्हेंबर १९९०मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचे, एप्रिल १९९७मध्ये देवेगौडांचे आणि १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयींचे सरकार पडले. शेवटचे तर २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने. ‘आमचा अविश्वास आहे’ असे म्हणणाऱ्यांना बहुमत मिळाले नाही. ‘तुमचा विश्वास आहे ना?’ असे विचारणाऱ्यांना ते मिळाले नाही, तेव्हा सरकार गेले. याला राजकीय कारणे आहेतच. ज्याचे बहुमत डळमळते त्यालाच बहुतेकदा विश्वास मागायला सांगितले जाते. तरीही ‘विश्वास नाही’ आणि ‘अविश्वास आहे’ यांतले अंतर दाखवायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

दिल्लीतला हा शब्द गावातही आला. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८च्या कलम ३५मध्ये सरपंच व उपसरपंच यांच्यावरील अविश्वासाच्या ठरावाची तरतूद आहे. ठरलेल्या संख्येइतक्या सदस्यांनी तहसीलदाराला नोटीस द्यायची, तहसीलदाराने सात दिवसांत विशेष सभा बोलवायची आणि ज्याच्यावर ठराव आहे त्याला त्या सभेत बोलण्याचा हक्क. महिलेसाठी राखीव असलेल्या पदावरच्या सरपंच बाईंविरुद्धचा ठराव तीन चतुर्थांश बहुमताशिवाय मंजूर होत नाही. कायद्याने इथे उंबरठा वर उचलला, कारण बाईने हिशेब मागितला, सही करायला नकार दिला की ‘अविश्वास’ हेच तिच्याविरुद्धचे हत्यार होऊ शकते.

गावाच्या बोलण्यात या शब्दाने ‘ठराव’ हे शेपूट टाकून दिले आहे. ‘सरपंचावर अविश्वास आणला’, ‘अविश्वास दाखल झाला’, ‘अविश्वास बारगळला’. मनातली भावना अशी हातात धरता येणारी, दाखल करता येणारी वस्तू झाली. नामाआधीचा ‘अ’ इथे पूर्ण ठोस झाला आहे.

मोजून घ्या

आता पुन्हा आत्याकडे. सभागृहात अविश्वास सांगण्याची रीत ठरली, कारण तिथे विचारणे हे कामच मानले गेले. घरात ती रीत ठरली नाही. तिथे विचारणे म्हणजेच अविश्वास, असे समीकरण राहिले. २००५च्या सुधारणेने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. पण हक्कसोडपत्रावर सही मागणारा भाऊ आणि ‘आधी वाचून बघते’ म्हणायला संकोचणारी बहीण यांच्यामध्ये कायदा बसलेला नसतो. तिथे एक शब्द बसलेला असतो.

या समीकरणातली चूक आपल्याच जुन्या रीती दाखवून देतात. पैसे हातात देताना देणारा म्हणतो, “मोजून घ्या.” घेणारा म्हणतो, “अहो, तुमच्यावर विश्वास आहे.” देणारा ऐकत नाही : “विश्वास असू द्या, व्यवहार आहे, मोजा.” इथे मोजण्याचा आग्रह देणाऱ्याचा आहे. खरा विश्वासू माणूस स्वतःहून तपासणी मागतो. ‘विश्वस्त’ या शब्दाचा प्रवासही हेच सांगतो. संस्कृतात ‘विश्वस्त’ म्हणजे निर्धास्त, विश्वास ठेवून असलेला. मराठीत तो झाला ज्याच्यावर विश्वास टाकला आहे असा, ज्याच्या हाती देवळाची, शाळेची मालमत्ता सोपवली आहे असा. आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याने त्याच्यावर हिशेब ठेवण्याचे आणि ते तपासून घेण्याचे बंधन घातले. या लेखापरीक्षणाला कोणी विश्वस्तांवरचा अविश्वास म्हणत नाही. ते त्या पदाचेच अंग आहे.

म्हणजे विश्वास आणि अविश्वास यांच्यामध्ये एक तिसरी जागा आहे. ‘नाही’ची, ‘अजून’ची, खातरजमेची जागा. तिथे माणूस वाचतो, विचारतो, मोजतो, आणि मग श्वास सैल सोडतो. मराठीने या जागेसाठी शब्द ठेवले आहेत आणि व्याकरणाने तिला नावही दिले आहे. आपण मात्र नात्यागोत्यात ती जागा पुसून टाकतो आणि आत येणाऱ्याला दोनच दारे ठेवतो. जो डोळे मिटून सही करील तो विश्वासू, जो वाचील तो अविश्वासू. याचा फायदा कोणाला होतो, हे वेगळे सांगायला नको. माझ्या घरात तो मला झाला.

गेल्या वर्षी आत्याच्या मुदत ठेवीच्या नामनिर्देशनाचा अर्ज घेऊन मी तिच्याकडे गेलो होतो. आता तिला बारीक अक्षर दिसत नाही. मी सहीच्या जागेवर बोट ठेवले. त्या दस्तलेखकासारखेच ठेवले, हे ठेवल्यावर लक्षात आले. तिने पेन खाली ठेवले.

“आधी वाच. मोठ्यानं.”

मी वाचला. तिने दोन ठिकाणी थांबवून अर्थ विचारला. एका प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

“मग बँकेत विचारून ये,” ती म्हणाली, आणि सवयीने पुढे जोडले, “अविश्वास म्हणून नाही हं.”

“नाहीच तो अविश्वास,” मी म्हटले आणि अर्ज पुन्हा पिशवीत घातला.